मन्मथला आडवं केलंस ती दुपार

गुरलिंगा,

तुला बसवायला मलाच बोलावणं आलं. तुझा मेहुणा दारात उभा राहून म्हणाला, "दादा, तुमच्या हाताला सवय हाय. अंग आखडायच्या आत चला." मी पायात काही न घालता तसाच निघालो. आपल्या लिंगायतांत गेलेल्या माणसाला तिरडीवर आडवं बांधत नाहीत. आंघोळ घालून, मांडी घालून बसवतात, कपाळाला भस्म, गळ्यात हार, आणि विमानात, म्हणजे त्या सजवलेल्या मखरात, बसवूनच समाधीपर्यंत नेतात. दवाखान्यातल्या परक्या माणसांना हे आपण दोघांनी किती वेळा समजावून सांगितलं असेल, आणि किती वेळा ते ऐकून त्यांचे डोळे मोठे झाले असतील.

तुझी मांडी मी घातली. पाठ भिंतीला लावली, छातीवरून धोतर घेऊन खुंटीला बांधलं. मान काही केल्या ठरेना, तेव्हा बाजूला बसून ती मीच धरून ठेवली. इतकी वर्षं जोडीनं माणसं उचलली, पण डोकं कायम तुझ्याकडे आणि पाय माझ्याकडे. तुझं डोकं माझ्या हातात येईल असं कधी मनात आलं नव्हतं. लोक म्हणत होते, कसा शांत दिसतोय बघा. मला नाही तसं दिसलं. मला तू तोंड घट्ट मिटून घेतलेला दिसलास, आणि माझा राग, जो निदान त्या वेळी तरी बाजूला व्हायला हवा होता, तो होता तिथंच होता.

तू किती भला होतास ते सांगायला तुझे सोयरे आहेत, पेठेतले लोक आहेत, तू ज्यांची दुखणी काढलीस ती माणसं आहेत. ते सगळं खरं आहे, मी कुठं नाही म्हणतो. मला तुझ्याशी भांडायचं आहे. जिवंतपणी ते जमलं नाही, त्याला कारण तू होतास, आणि ते कारण किती खोलवर होतं हे मला काल संध्याकाळी कळलं.

लातूरच्या गंजात, म्हणजे बाजारपेठेत, आमचं किराणा दुकान. अप्पा गेल्यावर ते धाकट्या मन्मथनं सांभाळलं, कारण मला गिऱ्हाइकाशी गोड बोलणं जमत नव्हतं. मी नांदेडला येऊन दवाखान्याच्या नोकरीला लागलो तेव्हा तू तिथं आधीपासून होतास. ऑपरेशनची खोली एकीकडे, वॉर्ड दुसरीकडे, मध्ये फरशीचं अंगण आणि वर चढायला दगडी पायऱ्या. टेबलावरून माणूस उचलायचा, झोळीत घ्यायचा आणि अंगण ओलांडून खाटेवर ठेवायचा, हे आपलं काम. झोळी म्हणजे दोन बांबू आणि मध्ये जाड कापड. पहिल्याच दिवशी मी बेशुद्ध माणसाचा हात झोळीबाहेर लोंबू दिला, आणि तू सगळ्यांसमोर मला थांबवून तो हात उचलून त्याच्या अंगावर ठेवलास.

डॉक्टरसाहेब हैदराबादचे. कमी बोलायचे, पण एक गोष्ट ते नव्या माणसाला न चुकता सांगायचे. "बेहोश आदमी शिकायत नहीं करता. उसकी शिकायत तुम करो." क्लोरोफॉर्म घेतलेल्या माणसाचा हात पाठीखाली दबला, तर तो सांगू शकत नाही. टाच लाकडावर घासत असली तरी सांगू शकत नाही. जीभ मागे पडून श्वास कोंडला तरी तो गुपचूप निळा पडत जातो. म्हणून डोक्याकडचा माणूस मोठा. जबडा त्यानं धरायचा, चेहरा त्यानं बघायचा. सपाटीवर पाय पुढे आणि डोकं मागे, म्हणजे मागच्याला तोंड दिसत राहतं. पायऱ्या चढताना डोकं आधी. आणि उचलायचा शब्द डोक्याकडच्यानंच द्यायचा. पायाकडच्यानं बघत बसायचं नाही, विचारायचं नाही, शब्द आला की उचलायचं. दोघांनी आपापल्या डोक्यानं उचललं की माणूस मध्ये पिळला जातो.

तू "हां, घे" म्हणायचास आणि माझे हात आपोआप वर यायचे. मला वाटतं, तसा विश्वास मी माझ्या बायकोवरही टाकला नसेल. तिला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, मग त्यांच्याशीच संसार करायचा होता.

मुदखेडच्या त्या गँगमनची आठवण येते. मांडीचं हाड मोडलेलं, आणि आणायचा होता रेल्वेनं. तू मालधक्क्यावरचं एक दार बिजागरीतून काढून आणलंस आणि त्याला त्यावर बांधलंस, मोडका पाय चांगल्या पायाला जोडून. दार डब्याच्या दरवाजातून जाईना. गार्ड शिट्टी तोंडात धरून ओरडत होता. तू त्याला उर्दूत असं काही सुनावलंस की तो शिट्टी खिशात घालून स्वतः दार तिरकं करायला हात लावू लागला. त्या माणसाला डब्यात घेतल्यावर तू सांगितलंस, "झालं बाबा, आता दुखायचं न्हाई." गाडीनं हिसका दिला आणि तो असा किंचाळला की पलीकडच्या बाया रडायला लागल्या.

तिथून आपलं ते भांडण सुरू झालं, जे कधी मिटलंच नाही. मी म्हणायचो, माणसाला खरं सांग. "दुखेल, पण एकदाच दुखेल, मग ठीक." म्हणजे तो दात आवळून तयार राहतो. तू म्हणायचास, "इस्नाथ, दुखणार ते दुखणारच हाय. तवर तरी बिचाऱ्याला सुखानं ऱ्हाऊ दे की." माझी तऱ्हा कोरडी होती, मला माहीत आहे. रोगी तुला हाका मारायचे, मला नाही. कुणी रडायला लागलं की तुझा चेहरा उतरायचा, आणि समोरच्याचं रडणं थांबवायला तू वाटेल ते बोलायचास. लोक त्याला दया म्हणायचे. मीही म्हणायचो, मन्मथपर्यंत.

लढाई सुरू होती, कापूस आणि पट्ट्या मिळायची मारामार होती, त्या दिवसांत मन्मथला पोटात कळ आली. लातुरात त्यानं ओवा खाल्ला, शेकलं, आणि लोकांनी त्याला माझ्याकडे मोटारीत घालून पाठवलं तोवर आतडं फुटून पोटात पू झाला होता. डॉक्टरसाहेबांनी पोट उघडलं, नळी ठेवली. त्या दिवशी टेबलावरून मन्मथला उचलताना डोक्याकडे तू होतास आणि मी पायाकडे. "हां, घे," म्हणालास, मी उचलला. माझ्या भावाचे पाय माझ्या हातात होते आणि मला भीती वाटली नाही, कारण शब्द तुझा होता.

मन्मथ शुद्धीवर आल्यावर डॉक्टरसाहेबांनी जो हुकूम केला तो मला शब्दन् शब्द आठवतो. याला बसवून ठेवायचं. पाठीमागे लाकडी टेकू, गुडघ्याखाली उशी, छातीवरून चादर घेऊन खाटेला बांधायची म्हणजे घसरणार नाही. पोटातला उरलेला पू खाली ओटीपोटात उतरला पाहिजे, तिथून नळीनं बाहेर येतो. आडवा झाला तर तो वर बरगड्यांखाली जाईल, आणि मग माझ्या हातात काही नाही. दिवसरात्र बसलेला पाहिजे. रडला तरी, शिव्या दिल्या तरी.

मन्मथ शिव्या देणारा नव्हता, पण रडला. पाठ दुखते म्हणाला. मी त्याला खरं सांगितलं की दुखणारच, आणखी काही दिवस दुखेल, पण बसला नाहीस तर मरशील. त्यानं ऐकलं. रोज सकाळी भस्म मात्र लावून मागायचा, ते मी लावायचो.

मग मुदखेडहून तार आली, की मालगाडीच्या घसरलेल्या वाघिणीखाली सापडलेला एक माणूस आणायचा आहे. डॉक्टरसाहेबांनी मला पाठवलं. मी जाताना तुला मन्मथजवळ बसवलं. गुडघ्याखालची उशी दाखवली, चादरीची गाठ दाखवली. तू हसलास. "मला शिकवून राहिला का? जा. माझाच भाऊ समज." मी गेलो. माणूस घेऊन उन्हं कलल्यावर परत आलो, त्याला टेबलावर पोचवलं आणि वॉर्डात आलो, तर खाटेशी आव्वा, आमची आई, बसलेली आणि मन्मथची बायको. दोघी दुपारच्या मोटारीनं लातुरातून आल्या होत्या. मन्मथ बसलेलाच होता. फक्त चादरीची गाठ माझी नव्हती, तुझी होती. मी विचारलं, तेव्हा तू म्हणालास, "सैल झालती, पुन्ना बांधली." संध्याकाळी डॉक्टरसाहेबांनी तुला विचारलं, बराबर बैठे थे? तू म्हणालास, जी साहब. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, साहेब, हा जवळ होता म्हणजे मीच होतो असं समजा.

हे वाक्य मी तुझ्यासाठी बोललो होतो, गुरलिंगा. तू खाली बघत नळीचं भांडं पुसत होतास.

पुढं ताप चढला. मग उचकी लागली, आणि उचकी लागल्यावर डॉक्टरसाहेबांचा चेहरा बदलला. बरगड्यांखाली सुई घातली तर पू आला. ते म्हणाले, वर चढला. मी विचारलं, बसलेला होता तरी कसा? ते म्हणाले, कभी कभी बैठने पर भी चढ़ जाता है. या 'कभी कभी'ला मी धरून राहिलो. मन्मथ गेला. त्याला लातूरला न्यायला तूच माझ्याबरोबर आलास, आणि तिथं त्याला बसवताना आव्वा बघू शकली नाही, भिंतीकडे तोंड करून राहिली.

समाधी होऊन काही दिवस झाले होते. बाया भेटायला येत होत्या. आव्वा एकीला सांगत होती आणि मी आतल्या खोलीतून ऐकत होतो. ती म्हणत होती, मी दवाखान्याच्या दारातून आत बघितलं आणि माझं काळीजच गेलं. माझ्या लेकराला बसवलेलं, कपाळाला भस्म, डोळे मिटलेले, छातीवरून बांधलेलं. मला वाटलं, संपलं, विमान तेवढं आणायचं राहिलं. मी छाती बडवायला लागले. तो गुरलिंग धावत आला, म्हणाला, आव्वा, जित्ता हाय. मन्मथनं डोळे उघडले आणि म्हणाला, आव्वा, पाठ मोडून राहिली, मला आडवं करा. मी त्या माणसाचे पाय धरले.

आणि मग ती म्हणाली, "गुरलिंगाचं भलं होवो बाई. त्यानं सोडलं, आडवं केलं. तेवढी दुपारभर माझ्या लेकराला पाठ टेकाया मिळाली."

मी आतल्या खोलीत ज्वारीच्या पोत्यावर बसलो होतो. बाहेर बाया म्हणत होत्या, देवमाणूस हो.

परक्या मुलखातला कुणी असता तर त्याला आव्वाच्या रडण्याचा अर्थच कळला नसता. खेड्यातली म्हातारी उगाच रडते म्हणून त्यानं तिला बाहेर बसवलं असतं, आणि मन्मथ कदाचित वाचला असता. तुला अर्थ कळला. बसवलेल्या, बांधलेल्या, भस्म लावलेल्या माणसाकडे बघून आपल्या बाईच्या पोटात काय होतं ते तुला आतून कळलं, आणि तू गाठ सोडलीस. एवढ्याची मी तुला माफी दिली असती. खरंच दिली असती, मीही तिचाच मुलगा आहे. पण तू परत बांधलंस. मी यायच्या आत उशी होती तशी ठेवलीस, गाठ मारलीस, आणि "हललासुदिक न्हाई" असं तोंड करून उभा राहिलास. त्याच संध्याकाळी डॉक्टरसाहेबांना खरं कळलं असतं, तर त्यांनी काही केलं असतं का, लवकर सुई घातली असती का, मला माहीत नाही. तुलाही माहीत नव्हतं, आणि तरी तू "जी साहब" म्हणालास.

मी नांदेडला परत आलो तो तुझी गचांडी धरायच्या तयारीनं. अंगणात शिरलो तर तू झोळी घेऊन पायरीवर, आत एक कंधारची बाई टेबलावर, नुकती शिवलेली, आणि तुझ्याबरोबर उचलायला कुणी नाही. "बरं झालं आलास," म्हणालास, "पाय धर." मी धरले. बाई मध्ये होती, काय करणार? तिचा काय गुन्हा? मग दुसरा रोगी आला, मग तिसरा. आणि त्याहून मोठी अडचण ही, की तुझ्याशी भांडलो तर गोष्ट फुटणार, आणि फुटली तर आव्वाला कळणार की तिनं ज्याचे पाय धरले, ज्याच्यासाठी ती दुवा मागते, त्यानं तिच्या सांगण्यावरून तिच्या लेकराला मारलं. मी तिला एवढं द्यायला तयार नव्हतो. म्हणून मी तोंड शिवलं.

फक्त एक केलं. त्या दिवसापासून तुझ्या शब्दावर उचललं नाही. तू "हां, घे" म्हणालास की मी आधी वर बघायचो, हात बघायचो, मान बघायचो, मग उचलायचो. कुणाच्या ध्यानात येणार नाही एवढाच उशीर व्हायचा. एकदा पायरीवर त्यानं झोळी कलली आणि तू काही बोलला नाहीस.

आव्वा माझ्याकडे राहायला आली. मन्मथची बायको उदगीरला माहेरी गेली, दुकान चुलत्याकडे गेलं. आणि तू माझ्या घरी यायला लागलास. सणाला तर यायचासच, पण अध्येमध्येही, भाजी घेऊन, आव्वाच्या गुडघ्याला तेल घेऊन. ती तुझ्यासाठी हुग्गी, गव्हाची खीर, राखून ठेवायची, वर तूप घालून. "माझं तिसरं लेकरू," म्हणायची. मी समोर बसून जेवायचो. घास फिरायचा तोंडात. तू हसत बोलायचास तिच्याशी, आणि मी मनात म्हणायचो, याला लाज कशी नाही. कधीकधी मी घरी आलो की तुम्ही दोघं बोलता बोलता थांबायचात. मला वाटायचं, म्हाताऱ्या बाईचं दुखणंखुपणं असेल.

मग तू आजारी पडलास. छातीत कफ धरला, ताप उतरेना, आडवं झालं की जीव घाबरायचा. डॉक्टरसाहेब म्हणाले, बसवून ठेवा. आणि ठेवायला मी. टेकू लावला, गुडघ्याखाली उशी सरकवली, छातीवरून चादर बांधली. तू माझ्या हातांकडे बघत होतास. मी रोज ड्यूटी संपवून तुझ्याजवळ येऊन बसायचो. लोकांना वाटायचं, काय मैत्री आहे. मी खरं सांगतो, मी वाट बघत होतो. मला वाटलं, आता बोलेल. इथं कुणी नाही, आव्वा नाही, रोगी नाही, झोळी नाही, आता तरी म्हणेल, इस्नाथ, त्या दुपारी माझ्याकडून असं झालं. मी उत्तरही ठरवून ठेवलं होतं. ते उत्तर वाईट नव्हतं, गुरलिंगा.

तू उशीबद्दल बोललास. पाणी कोमट दे म्हणालास. कंधारच्या त्या बाईला पुढं मुलगा झाला, ते सांगितलंस. नव्या पोरांना झोळी धरायला नीट शिकव म्हणालास. एका सकाळी माझा हात धरलास आणि बराच वेळ धरून ठेवलास. मी वाकलो. तू म्हणालास, "आव्वाला सांभाळ." मी म्हटलं, आणखी काही सांगायचंय का? तू मान हलवलीस, नाही म्हणून. त्याच दिवशी दुपारी तू गेलास. बसलेल्या अवस्थेत, नीट टेकू लावलेला असताना. म्हणजे नीट बसवलेला माणूसही जातो, हे सुद्धा तूच मला दाखवून गेलास, आणि माझ्या रागाखालचा एक दगड काढून नेलास.

काल तुझी माती झाल्यावर मी घरी आलो, आंघोळ केली. आव्वा बाहेरच्या खोलीत बाजेवर बसली होती. मला वाटलं, रडेल. ती रडली नाही. म्हणाली, "गेला बाबा. माझ्यापाशी सांगून मोकळा व्हायचा. आता मी कुणापाशी बोलू?"

मी विचारलं, काय सांगायचा?

"मन्मथचं."

मला आधी काही समजलंच नाही. मग ती हळूहळू सांगत गेली आणि मी उभाच राहिलो. ती माझ्याकडे राहायला आली त्याच वर्षी, मी कामावर असताना, तू आलास. तिच्या पायांवर डोकं ठेवून सांगितलंस, की मन्मथला आडवं करायचं नव्हतं, आडवं केलं म्हणून पू वर चढला. ती म्हणाली, मीच पाय धरले होते तुझे, तू काय करशील. मग दोघं रडलात. आणि पुढंही, मी नसताना, दोघं मन्मथचं बोलायचात. त्याला लहानपणी काय आवडायचं, दुकानात गूळ कसा चोरायचा, त्या दुपारी आडवा झाल्यावर तिच्या मांडीवर हात ठेवून काय काय बोलला. ते सगळं तुला माहीत होतं. मला त्यातलं एक अक्षर माहीत नव्हतं.

मी म्हटलं, "आव्वा, मला का नाही सांगितलंस?"

"त्यो नको म्हणला."

"का?"

ती म्हणाली, "म्हणला, इस्नाथला सगळं कळलंय. आता त्यो माझ्या शब्दावर उचलीत न्हाई. पर तुमाला कळू नये म्हणून त्यो गप हाय. तुमाला म्हाईत हाय असं त्याला कळलं, तर त्यो मला ह्या उंबऱ्यात उभं करणार न्हाई. असं म्हणला, म्हणून मी गप ऱ्हायले. मलाबी वाटलं, माझ्यामुळं भाऊ गेला म्हणून तू माझ्याकडं बघशील का न्हाई."

म्हणजे तुला सगळं माहीत होतं. मी वर का बघतो हे माहीत होतं. घास माझ्या तोंडात का फिरतो हे माहीत होतं. मी आईला वाचवायला गप्प आहे हे माहीत होतं, आणि तिला वाचवायची गरजच उरलेली नाही हेही तुला एकट्यालाच माहीत होतं. तू आम्हा दोघांच्या मध्ये उभा राहून एकेकाचं तोंड दाबून धरलंस, म्हणजे तुझं ताट आमच्या घरात राहील. ते भीतीनं केलंस, मला कळतं. तुला दुसरं घर नव्हतं असं नाही, पण रडायला दुसरं घर नव्हतं, तेही कळतं. पण माझं काय, गुरलिंगा? भाऊ माझा होता. आई माझी होती. इतकी वर्षं एका छपराखाली राहून मी तिच्याशी मन्मथचं नाव काढलं नाही. त्याच्या आवडीची भाजी घरात होऊ दिली नाही, तिला त्रास होईल म्हणून. तिला रात्री झोप लागत नसे तेव्हा मी कूस बदलून पडून राहायचो, विचारायचो नाही. तिचं माझ्याजवळचं रडणं, जे हक्कानं माझं होतं, ते तू दुपारी येऊन घेऊन जायचास, आणि जाताना तिच्या हातची हुग्गी खायचास.

मन्मथला आडवं केलंस, त्याची माफी मी मनात कधीच देऊन टाकली होती, फक्त तू मागायचीस एवढंच बाकी होतं. याची नाही देत. तू मागायला नाहीस आणि मी द्यायला तयार नाही, असंच राहू दे.

मी आव्वाजवळ बाजेवर बसलो. तिचा हात धरला. तो मी कधी धरला होता, मला आठवेना. मी म्हटलं, "आव्वा, मन्मथ त्या दुपारी काय बोलला ते मला सांग." तिनं तोंड उघडलं, डोळे भरून आले. आम्ही माय-लेक मन्मथसाठी पहिल्यांदा रडणार होतो. आणि तिच्या तोंडून हाक निघाली ती "गुरलिंगा" अशी. ती तुझंच नाव घेऊन रडत राहिली, आणि मी तिला थांबवलं नाही.